बत्तीस पुढे, चाळीस मागे

सायकलच्या पुढच्या चाकाला बत्तीस तारा असतात आणि मागच्याला चाळीस. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही सायकल मिस्त्रीशी एकतीस वर्षं संसार केल्यावर. हसतील म्हणून मी हे पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही. आता सांगते, कारण त्या बहात्तर तारांनी मला जेवढं रडवलं तेवढं सासूनेही रडवलं नाही, आणि त्यातली एकही तार मी सोडली नाही.

माझं माहेर इथलंच, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचं. वडिलांच्या घरी दोन हातमाग होते. शाळेतून आले की मी सुताच्या कांड्या भरायची, आणि पुढे हात पोचायला लागल्यावर मागावरही बसायची. लग्न होऊन फार लांब गेले नाही, चार गल्ल्या ओलांडल्या. मागाच्या खटखटीतून हातोडीच्या ठकठकीत आले एवढाच फरक. नवऱ्याचं दुकान भंडारा रोडवर, टिनाच्या शेडमध्ये. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं. मी तोंडाने ‘अवो’ म्हणते, पण मनात माझ्याही मिस्त्रीच असतात, म्हणून इथेही तसंच लिहिते.

मिस्त्रींना एक शौक आहे. खऱ्या सायकलीची हुबेहूब, वीतभर लांबीची सायकल करायची. खेळणं नव्हे. समोरची सायकल टेपने मोजायची, प्रत्येक माप आठाने भागायचं आणि तेवढंच करायचं. हँडल वळतं, पायडल फिरतं, कॅरिअरची पट्टी उघडते. चेन मात्र काळ्या दोऱ्याची असते, आणि ती खोटी आहे हे ते न विचारता स्वतःच सांगतात. अशा पाच-सहा सायकली त्यांनी आजवर केल्या आणि ज्याला त्याला देऊन टाकल्या. मी चहा न्यायची तेव्हा ते भिंग डोळ्याला लावून बसलेले असायचे. ‘चहा ठेवला’ म्हणून मी परत फिरायची. त्या चाकात काय चाललंय हे वाकून पाहावं असं मला कधी वाटलं नाही. ते माझं चुकलंच.

यंदा उन्हाळ्यात आसगावचे गुरुजी दुकानात आले. मिस्त्री लहानपणी त्यांच्या हाताखाली शिकले. गुरुजी नोकरीची सगळी वर्षं आसगावाहून पवनीला सायकलनेच यायचे, आणि ती सायकल बिघडली की मिस्त्रींशिवाय दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आता त्यांचे गुडघे गेलेत. मुलगा पुण्याला, तो म्हणतो, धान चुरून मळणी झाली की शेती ठोक्याने दुसऱ्याला कसायला द्या आणि इकडे या. सायकल काही पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्यायची नाही. तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘गड्या, इचीच एक लहान करून दे. कपाटात ठेवीन.’

मिस्त्रींनी सायकल मोजली आणि काम सुरू केलं. सांगाडा झाला, रंग झाला, चाकांच्या रिंगा झाल्या. तीन इंची पाइपाची चकती कापून त्या करतात. चाकाच्या मधलं हबही झालं, पितळेचं. त्याच्या दोन्ही कडांना सुईने पाडावीत तशी भोकं पाडली. राहिलं होतं ते तारा भरणं. नेमक्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, दुकानात पंक्चर काढता काढता, मिस्त्री एका बाजूला कलंडले.

लकवा. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. जीव वाचला, बोलणं आठवड्याभरात सुधारलं, पायही काठीच्या आधाराने चालायला लागला. उजवा हात मात्र गेला. बोटं आत वळून कडक झाली ती तशीच राहिली. दवाखान्यातल्या मॅडमने दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो मिस्त्रींनी डाव्या हाताने अंगणापलीकडे फेकला. शेजारच्यांच्या कुत्र्याने नेला.

घरी आल्यापासून त्यांनी एक नवीनच सवय लावून घेतली. खांद्यावरचा दुपट्टा उजव्या हातावर टाकायचा आणि तो हात मांडीवर असा ठेवायचा की जणू तिथे काही नाहीच. जेवताना दुपट्टा, झोपताना दुपट्टा. कोणी भेटायला आलं तर आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. दुकानाचं नाव काढलं की म्हणायचे, ‘विकून टाक.’ मी त्यांना आंघोळ घालायची तेव्हाही तो हात ते माझ्यापासून लपवायचे. एकतीस वर्षं संसार केलेल्या बायकोपासून! मला राग यायचा आणि रागाच्या खाली भीती असायची. हा माणूस जिवंत होता, पण माझ्या डोळ्यांदेखत थोडा थोडा निघून चालला होता.

दसऱ्याच्या आधी गुरुजी भेटायला आले. हे आत पळण्याच्या आत गुरुजी दारात, त्यामुळे सापडले. गुरुजी समजूतदार माणूस. म्हणाले, ‘गड्या, ते सायकलीचं राहू दे. तब्येत सांभाळ.’

मिस्त्री म्हणाले, ‘राहू द्या गुरुजी. आता नाही होत माह्याच्यानं.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने हातात घेतलेलं काम कधी अर्धं परत केलं नव्हतं. भर बाजारच्या दिवशी गिऱ्हाइकाशी भांडून, ‘तुह्या चाकाचा आउट काढल्याशिवाय मी सायकल देत नाही, जा चहा पिऊन ये’ म्हणणारा हा माणूस. आउट म्हणजे चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलतं ते. तो घालवून चाक सरळ करणं म्हणजे आउट काढणं, आणि त्यात मिस्त्रींचा हात धरणारा तालुक्यात नाही असं लोक म्हणतात. तो माणूस ‘राहू द्या’ म्हणतो!

मी चहाचे कप ठेवले आणि म्हटलं, ‘गुरुजी, तुमी पुण्याले जायच्या आधी सायकल भेटन. मी करतो.’

आमच्याकडे बायकाही ‘मी करतो’ म्हणतात, पण गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पुरुषासारखंच काही बोलले. मिस्त्री हसले. दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही.

मला त्या सायकलीशी काही घेणंदेणं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मला माझा माणूस दुकानात, त्याच्या पाटावर बसलेला पाहिजे होता. त्याने टाकलेलं काम त्याच्या डोळ्यांसमोर कोणी पुरं केलं तर त्याला एक तर राग येईल नाहीतर लाज वाटेल, दोन्हीपैकी काहीही चालेल, असा माझा साधा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी टिनाचा डबा घरी आणला. त्यात सांगाडा, दोन रिंगा, दोन हब, बारीक चिमटा आणि भिंग होतं. तार नव्हती. तारेसाठी मिस्त्री ब्रेकची जुनी तार उलगडायचे, एवढं मला ठाऊक होतं. ब्रेकची तार म्हणजे बारीक तारांचा पीळ असतो. तो उलगडला की केसाहून थोडी जाड अशी एकेक तार निघते, पण ती पोळ्याच्या बैलाच्या शेपटीसारखी वळलेली. सरळ करायला दोन दिवस गेले. शेवटी गॅसच्या आचेवर लाल करून, एक टोक खिळ्याला बांधून, दुसऱ्या टोकाला किलोचं वजन लटकवलं तेव्हा ती सुतासारखी उभी राहिली. ताण देणं मला कोणी शिकवायला नको. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, सैल असला की कापड बिघडतं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले होते.

मग एका फळीवर बरोबर मधे खिळा ठोकला, त्यात हब बसवलं, भोवती रिंग ठेवली आणि रिंग हलू नये म्हणून बाहेरून आठ खिळे मारले. सकाळी लोकांच्या साड्यांना पिको-फॉल करायचं माझं काम आटोपलं की दुपारी ओसरीवर, उजेडात, ही फळी मांडीवर घेऊन बसायची. मिस्त्री आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. दार मी मुद्दाम उघडं ठेवायची.

तारा भरणं असं असतं. तारेच्या टोकाला बारीकसा वाक द्यायचा, तो हबच्या भोकात अडकवायचा, आणि दुसरं टोक रिंगेच्या भोकातून बाहेर काढून वळवायचं. पण तार हबमधून सरळ रिंगेकडे जात नाही, तिरपी जाते. अर्ध्या तारा एकीकडे तिरप्या, अर्ध्या दुसरीकडे, आणि वाटेत त्या एकमेकींना ओलांडतात. हे तिरपं जाळं मी मिस्त्रींच्या जुन्या सायकलींच्या फोटोत पाहिलं होतं. मोबाइलवरही शोधलं. एक गोरा माणूस चकचकीत मशीन लावून अशीच चाकं करत होता. माझ्याकडे फळी आणि खिळे. मी मोबाइल उलटा ठेवून दिला.

आता तार तारेला ओलांडते म्हटल्यावर विणकराच्या घरची पोरगी काय करेल? मी एक वरून, एक खालून, पुन्हा एक वरून घातली. प्रत्येक ठिकाणी. हातांनी मला विचारलंही नाही. डोकं मोजत होतं भोकं, आणि हात आपले विणत होते. चार दिवसांनी पहिलं चाक झालं आणि ते इतकं सुंदर दिसलं की मी ते फळीसकट शेजारणीला दाखवून आले. कापडच जणू, तारांचं.

खिळे काढले, चाक उचललं, आणि ते माझ्या तळहातावर भाजलेल्या पापडासारखं वाकलं.

मला वाटलं तार नीट ताणली गेली नाही. सगळ्या तारा उपसून पुन्हा भरल्या, आणखी घट्ट. पुन्हा पापड. तिसऱ्यांदा इतकी घट्ट ओढली की रिंगच अंडाकृती झाली. बोटांची टोकं भोसकून भोसकून सुजली. भाकरी थापताना पिठात रक्त लागलं तेव्हा मी चुलीपुढे बसून एकटीच रडले, आणि मग ती भाकरी फेकून दुसरी थापली. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून होते, पण मी पाहिलं होतं, माझी पाठ फिरली की ते कूस बदलायचे.

त्या दिवशी मी पदर खोचला आणि किल्ली घेऊन दुकानात गेले. शटर अर्धं उघडलं. आत आडव्या दांडीला एक खरं चाक टांगलेलं होतं, कोणाचं तरी, आउट काढायला दिलेलं, रोवणीपासून तसंच. मी खाली बसले आणि एक तार धरून बोटाने हबपासून रिंगेपर्यंत गेले. पहिल्या तारेला ती वरून ओलांडते. दुसरीलाही वरूनच. फक्त तिसरीच्या, सगळ्यात बाहेरच्या तारेच्या, खालून जाते. पुढची तार घेतली, तेच. पलीकडच्या बाजूने पाहिलं, तेच. दोन सोडून तिसरीला कवळायचं. मी बत्तीसच्या बत्तीस तारांवरून बोट फिरवलं, कारण एकदा पाहून माझा विश्वास बसेना.

कापडात प्रत्येक धाग्याला वाकावंच लागतं, म्हणून तर कापड होतं. तार वाकली की तिचा ताण गेला. मी माझ्या माहेरची विद्या पोलादाला शिकवायला निघाले होते!

घरी आले ती सरळ आतल्या खोलीत. ‘दोन वरून अन् तिसरीच्या खालून,’ मी म्हटलं. ‘तुमाले मालूम होतं न?’

‘होतं.’

‘मी विणून राहिली होती ते दिसून राहिलं होतं?’

‘पयल्या दिवशीच दिसलं. तुह्या बापाच्या घरचं काम होतं थे.’

‘मंग काहून नाही सांगतलं?’

त्यांनी दुपट्टा उजव्या हातावर नीट केला. मग म्हणाले, ‘मले वाटलं, तू सोडशीन.’

‘अन् सोडलं असतं तं?’

‘तं बरं वाटलं असतं,’ ते म्हणाले. ‘मंग मी एकटाच नसतो न वो.’

मी दारातच खाली बसले. रागही आला, आणि त्यांना कुशीत घ्यावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. उठून फळी आणली, त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि विणलेल्या तारा एकेक करून उपसायला लागले. म्हटलं, ‘मी नाही सोडत. तुमाले भिंतीकडं पाहाचं असन तं पाहा.’

त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून माझी बैठक ओसरीवरून आतल्या खोलीत गेली, आणि मिस्त्री बोलायला लागले. बोलायला म्हणजे शिव्या द्यायला. ‘उलटी घातली.’ ‘एक भोक सोडलं.’ ‘आंधळी हायेस का?’ मी पण सोडत नव्हते. ‘एवढं दिसून राहिलं तं चिमटा धरा की डाव्या हातानं.’ डावा हात रिकामा होता, पण तो उजव्यावरच्या दुपट्ट्याची राखण करायचा.

मिस्त्रींच्याच मापाने रिंगेची नवी चकती कापून आणि भोकं पाडून पुढचं चाक सहा दिवसांत भरलं. मागच्याला आठ लागले. शेतांत धान कापून बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या झाल्या होत्या. गुरुजींचा फोन आला की चुरणं आटोपलं, शनिवारी मुलगा गाडी घेऊन येतो, जाताना पवनीवरून जाऊ. गुरुवार होता. सायकल अजून उभी नव्हती, कारण चाकांचा आउट निघत नव्हता.

फळीवरून चाक उचललं की आता पापड व्हायचा नाही, पण फिरवलं की डुलायचं. तारेची टोकं रिंगेबाहेर नुसती वळवून ठेवलेली असतात. चाक सरळ होईपर्यंत जी तार सैल ती चिमट्याने केसभर ओढायची, आणि सगळं जमलं की मग चिकटवायची. पण कोणती ओढायची हे कसं कळावं? चाक फिरताना रिंगेजवळ काहीतरी स्थिर धरावं लागतं. रिंग जिथे त्याला लागते तिथे ती त्या बाजूला झुकलेली. मी टाचणी रोवून पाहिली, तिने रंगावर ओरखडे काढले. आगपेटीची काडी लावली, ती रिंगेसोबत सरकायची. स्वतःचं बोट धरलं तर ते थरथरायचं, आणि केसभराच्या कामात थरथर म्हणजे सगळा गोंधळ. मोठ्या चाकाला मिस्त्री उजव्या हाताचं नख लावून बसायचे, हे मी हजार वेळा पाहिलं होतं. त्यांच्यासमोर मी ते बोलले नाही.

शुक्रवारी सकाळी मी डबा काखेत मारला आणि म्हटलं, ‘दुकानात चालली. तिथं उजेड चांगला आहे. तुमी या, नाही तं नका येऊ.’

शटर पूर्ण वर केलं. चार महिन्यांची धूळ झाडली. रस्त्यावरचे लोक थबकून पाहायला लागले. एकाने विचारलं, ‘भाभी, दुकान चालू झालं का?’ मी म्हटलं, ‘झालं.’ खोटं बोलले, पण ठसक्यात बोलले. फळीवर दोन लाकडी पट्ट्या उभ्या ठोकून त्यात पुढचं चाक अडकवलं आणि कामाला लागले. अर्ध्या तासाने काठीचा आवाज आला. मिस्त्री. घरून दुकानापर्यंत एकटे चालत आले होते, दुपट्टा हातावर. आपल्या पाटावर बसले नाहीत. गिऱ्हाइकांच्या बाकावर, कोपऱ्यात, रस्त्याकडे पाठ करून बसले.

मी एक तार ओढली की दुसरीकडे चाक फुगायचं. ती ओढली की तिसरीकडे. दुपार झाली. मिस्त्री नुसते पाहत होते आणि ओठ चावत होते.

तेवढ्यात दुकानासमोर गाडी थांबली आणि गुरुजी उतरले. मुलाला सुट्टी कमी होती म्हणून एक दिवस आधीच निघाले होते. मागच्या सीटवर बोचकी, तांदळाची पोती. गुरुजी आत आले, सांगाडा हातात घेतला, कॅरिअरची पट्टी उघडून पाहिली. त्यांच्या सायकलीच्या मडगार्डवर एक पोचा होता, तोही मिस्त्रींनी केला होता. गुरुजींनी त्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी पट्ट्यांतलं चाक बोटाने फिरवलं. ते डुललं. सगळ्यांनाच दिसलं.

‘थोडं हलते,’ मी म्हटलं. ‘दोन घंटे थांबा गुरुजी.’

‘राहू दे पोरी,’ गुरुजी म्हणाले. ‘किती सुंदर झालं. असंच बसव. कपाटात ठेवाची आहे, कोण फिरवून पाहाते?’

ते प्रेमानेच म्हणाले, मला माहीत आहे. मीही इतकी दमले होते की क्षणभर मला ते पटलं. चिमटा खाली ठेवायला माझा हात निघालाही.

‘नाही.’

बाकावरून आवाज आला. मिस्त्री उठले. काठी बाकालाच टेकून राहिली. शटरच्या खांबाला धरत, पाय ओढत ते माझ्यापर्यंत आले आणि आपल्या पाटावर धपकन बसले. डाव्या हाताने दुपट्टा ओढून काढला आणि तेलाच्या डब्यावर टाकला. मग त्याच डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरला, एखादं अवजार उचलावं तसा उचलला, आणि फळीवर, चाकाच्या अगदी शेजारी ठेवला. वळलेली बोटं, बारीक झालेला पंजा, भंडारा रोडवरच्या भर दुपारच्या उजेडात. गुरुजी पाहत होते, त्यांचा मुलगा पाहत होता, रस्त्यावरचे दोघं-चौघं पाहत होते. मिस्त्रींनी कोणाकडे पाहिलं नाही. हात केसभर पुढे सरकवला, तर्जनीचं नख रिंगेच्या काठाला आणलं आणि मला म्हणाले, ‘हा हलत नाही. फिरव.’

मी चाक फिरवलं. तो हात दगडासारखा होता. कुठल्याही जिवंत हाताला इतकं स्थिर राहता आलं नसतं. चाक फिरत होतं आणि प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी रिंग नखाला लागून बारीक वाजत होती. टिक. टिक.

‘थांबव. इथं. पलीकडच्या अंगाची तार ओढ. हळू.’

ओढली. फिरवलं. टिक दुसरीकडे सरकली. त्यांनी डाव्या हाताने उजवा आणखी थोडा पुढे रेटला. ‘आता ही.’ ओढली. ‘जास्त झालं, सोड थोडी.’ सोडली. ‘मूर्ख, इतकी नाही.’ पुन्हा ओढली. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मला भिंगातून काही दिसत नव्हतं, तर म्हणाले, ‘रडाचं असन तं घरी जाऊन रड, इथं आउट काढणं चालू आहे.’ मी पदराने डोळे पुसले आणि चिमटा धरला. गुरुजींनी मुलाला गाडी बंद करायला सांगितलं आणि बाकावर बसले.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. टिक बारीक होत गेली, मग दोन फेऱ्यांत एकदा, मग कधीतरी. मग मी चाक फिरवलं आणि ते फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि काहीच वाजलं नाही. मिस्त्रींनी कान लावून ऐकलं.

‘झालं का गड्या?’ गुरुजींनी विचारलं.

‘एक झालं,’ मिस्त्री म्हणाले. उजवा हात फळीवर होता तसाच ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. ‘मागचं आण.’